आईची लाईन

फरामर्जच्या नातेवाइकांची पक्की खात्री झाली होती की त्यांच्या फिल्टरफोडींना कुणाची तरी दृष्ट लागते. सरकारने बंद केलेल्या साइट मागच्या दाराने उघडून देणारं ते ॲप. ते प्रत्येकाच्या फोनमध्ये असायचंच, आणि दोन नातेवाईक भेटले की तब्येतीच्या चौकशीनंतरचा प्रश्न ठरलेला: “सध्या तुझं कुठलं चालतंय?” मग फोन बाहेर निघायचे, नावं सांगितली जायची, एकमेकांना पाठवली जायची. आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच, जे सगळ्यात झकास चालत होतं तेच नेमकं मान टाकायचं. यल्दाच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री कलिंगडाच्या फोडी खाताखाता आतेबहिणीने कौतुकाने सांगितलेलं गेलं. काकांच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्याला कोपऱ्यात कुजबुजून सांगितलेलंही गेलं. शेवटी मोठ्या मावशीने इस्फंदचे दाणे निखाऱ्यावर टाकले आणि सगळ्यांचे फोन गोळा करून त्या धुरावर धरले. त्यात फरामर्जचाही होता. ठसका सगळ्यात जास्त त्यालाच लागला.

दृष्ट वगैरे काही नव्हती. फरामर्ज होता.

घरच्यांना एवढंच ठाऊक होतं की तो टेलिफोनच्या कुठल्याशा कंपनीत इंजिनियर आहे. कंपनी होती, पण दारावर पाटी नव्हती, आणि आतल्या माणसांचं काम म्हणजे फिल्टरफोडी हुडकायच्या आणि बंद करायच्या. पुष्कळशा मशीनच पकडायचं. ज्या छोट्या, घरगुती, ओळखीपाळखीत फिरणाऱ्या असत त्या मात्र माणसांनाच आणाव्या लागत. आणि माणसाला अशी गोष्ट मिळणार कुठे? आपल्याच माणसांत. कचेरीत सगळेच तेच करायचे. सणाची सुट्टी संपली की मंडळी बाजारातून आल्यासारखी एकेक जण आपली पिशवी रिकामी करायची, आणि मोअय्यदी साहेब खुशीत म्हणायचे, “वा, गोतावळा मोठा दिसतोय तुमचा!”

फरामर्जचा गोतावळा मोठा होता. सुरुवातीला त्याच्या मनाला टोचायचं. मग त्याने स्वतःची समजूत घालून घेतली की एक गेली तर लोक दुसरी शोधतात, कुणाचं काही अडत नाही. माणसाला स्वतःची समजूत घालायला फार अक्कल लागत नाही.

नोकरीबरोबर त्याला एक पांढरं सिमही मिळालं होतं. त्यावर सगळं जग सताड उघडं, फिल्टर नाही की काही नाही. अशी सिमं बड्या लोकांकडे असतात हे आता शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि घरात चार माणसं जमली की त्या लोकांच्या नावाने बोटं मोडली जायची. फरामर्ज तेव्हा इतरांबरोबर मान डोलवायचा. ते सिम घातलेला दुसरा फोन कोटाच्या आतल्या खिशात असायचा.

त्याची आई, तूबा खानम, शहरातल्या नार्मक भागात मुलीकडे, नाहीदकडे राहायची. कान जवळजवळ गेलेले. साध्या फोनवर तिला नुसती घरघर ऐकू येई, पण समोरच्याचं तोंड दिसलं की ओठांवरून ती अख्खं वाक्य वाचायची. धाकटा मुलगा रामीन स्वीडनला, योतेबोरीत. त्याने सरकारविरुद्ध काहीबाही लिहून ठेवलं होतं, परत आला असता तर विमानतळावरूनच उचलला असता. तेव्हा दर शुक्रवारी व्हिडिओवर त्याचं तोंड बघायचं, एवढाच आईचा आणि त्याचा संबंध उरला होता. देशी ॲपवर सरकार ऐकतं, म्हणून त्यावर बोलायला तो तयार नव्हता. आणि फिल्टरफोडी अशा मरायला लागल्यावर त्याने स्वतःच्या स्वयंपाकघरात एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि आईपुरती वेगळी वाट करून दिली.

“दादा, तूच बसवून दे तिच्या फोनवर,” तो म्हणाला होता, “तुला कळतं त्यातलं. आणि कुणाला देऊ नकोस हं. ही फक्त आईची लाईन.”

फरामर्जनेच ती बसवून दिली. बसवताना मनाशी शपथही घेतली की या लाईनला हात लावायचा नाही. थंडीभर त्याने ती पाळली.

मग वर्ष संपत आलं. कचेरीतले करार नव्या वर्षाला नव्याने होत, आणि यंदा अर्ध्या जणांना नारळ मिळणार अशी बोलवा होती. मोअय्यदी साहेबांनी त्याला आत बोलावलं, चहा दिला, आणि गोड आवाजात म्हणाले, “इंजिनियर, यंदा तुमची पिशवी फारच हलकी. घरची मंडळी रुसलीत की काय?”

फरामर्ज ओशाळं हसला. घटस्फोटानंतर त्याच्याकडे नोकरीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं, आणि ती गेली तर या वयात पुढे काय, हे त्याला सुचेना. इतरांकडून मिळालेलं सगळं तर आधीच देऊन झालं होतं. त्याने आईची लाईन दिली. सुट्टी संपली की रामीन दुसरी बसवेल, असं त्याने ठरवून टाकलं. करार झाला. त्या संध्याकाळी तो आईकडे गझ मिठाईची पेटी घेऊन गेला, आणि आईने पिस्त्याचा एक तुकडा तोंडात टाकून त्याची अलाबला घेतली.

नवरोजला वर्ष पालटायची घटका त्या साली सकाळची होती. टेबलावर सफरचंदं, लसूण, हिरवे गव्हांकुर, सगळं मांडून झालं होतं, आणि आरशाला टेकून आईचा फोन उभा केला होता, रामीनच्या तोंडासाठी. नाहीदने आईचे केस रंगवून दिले होते. आई फोनच्या बरोब्बर समोर बसली होती.

फोनवर नुसतं चक्र फिरत होतं.

“काल नीट होतं का?” नाहीदच्या नवऱ्याने, बहमनने विचारलं.

“परवापासूनच कुरकुरतंय. मला वाटलं, सणाची गर्दी असेल.” नाहीदने मोडेम बंद करून पुन्हा चालू केला. स्वतःच्या फोनवरून बघितलं, बहमनच्या बघितलं. शेजारच्या खानमकडून एक नवी फिल्टरफोड मागून आणली, तीही निपचित.

“या देशात वर्ष तेवढं पालटतं,” बहमन म्हणाला, “बाकी आहे तिथेच आहे.”

“तू गप रे,” नाहीद म्हणाली. “आणि अहो इंजिनियर! मख्खासारखे बसलात काय? पगार कशाचा घेता? उठा, बघा जरा!”

फरामर्ज उठला. आईचा फोन हातात घेऊन इकडे दाब, तिकडे दाब करू लागला. काय झालंय ते त्याच्याइतकं पक्कं त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरी तो कपाळाला आठ्या घालून शोधाशोध करायचं सोंग करत होता. आई त्याच्या बोटांकडे आशेने बघत होती. स्वतःची इतकी किळस त्याला यापूर्वी कधी आली नव्हती.

टीव्हीवर तोफ झाली, वर्ष पालटलं. सगळे एकमेकांना भेटले, गालांचे मुके झाले. आई उठली नाही. या घटकेची मागणी वाया जात नाही म्हणतात, म्हणून तिने दोन्ही हात वर केले. ती शिव्याशाप देणारी बाई नव्हती. भाजीवाल्याने सडकी काकडी दिली तरी त्याच्या पोराबाळांची चौकशी करून यायची. पण बहिऱ्या माणसाचा असतो तसल्या चढ्या आवाजात ती म्हणाली, “देवा, ज्याने माझ्या लेकाचं तोंड माझ्यापासून हिरावलं, त्याचे हात झडू देत.”

“आमीन,” नाहीद म्हणाली. “आमीन,” बहमन म्हणाला.

आईला ऐकू येत नसल्याने ती प्रत्येकाच्या ओठांकडे बघून खात्री करून घेत होती. तिची नजर फरामर्जवर येऊन थांबली.

“तू नाही म्हणालास.”

“म्हटलं ना, आई.”

“नाही म्हणालास. मी बघत होते.”

“आमीन,” फरामर्ज म्हणाला. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं त्याला झालं.

आईने समाधानाने हात चेहऱ्यावरून फिरवले आणि ती पुन्हा त्या फिरत्या चक्राकडे बघत बसली. रंगवलेल्या केसांखालून तिची मान बारीक, पोराच्या मानेसारखी दिसत होती. फरामर्जला ते पाहवेना. त्याने कोटात हात घातला, दुसरा फोन काढला आणि रामीनला लावला. दोन रिंगांत त्याचं तोंड समोर. दाढी वाढलेली, मागे खिडकीत बर्फ.

“आई! अगं सकाळपासून बोटं झिजली माझी!”

 आईने फोन दोन्ही हातांत धरला, काचेचा मुका घेतला, मग ओठ दिसेनात म्हणून घाईने काच शालीने पुसली. हसणं आणि रडणं एकदमच सुरू झालं. नाहीदने भावाच्या पाठीत धपाटा घातला. “मेल्या, एवढा वेळ काय अंडी उबवत होतास?” आणि क्षणभर फरामर्जलाही वाटलं की झालं गेलं गंगेला मिळालं.

“किती स्वच्छ दिसतंय!” पलीकडून रामीन म्हणाला. “कुठलं वापरताय? सगळ्यांना देऊन टाका की!”

नाहीद बघायला वाकली. फिल्टरफोड चालू असली की पडद्याच्या वरच्या कडेला बारीकशी किल्ली दिसते. इथल्या माणसांच्या डोळ्यांना तिची इतकी सवय की असलेली कुणी बघत नाही. नाहीदला ती नसलेली दिसली.

तिने आईच्या खांद्यावरची शाल सारखी केली, आणि फरामर्जकडे न बघता म्हणाली, “मासे तळायचेत. जरा आत ये.”

स्वयंपाकघरात तिने तेल तापत ठेवलं, दार लोटलं.

“किल्ली नाही त्याच्यावर.”

“कचेरीने दिलंय. तांत्रिक लोकांना देतात कधीकधी...”

“पांढरं आहे.” ती माशाला मीठ चोळत होती. “कुणाला देतात ते मला ठाऊक आहे, फरामर्ज. सगळ्या शहराला ठाऊक आहे.” चोळता चोळता तिचा हात थांबला. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत होती, आणि फरामर्जला ती जुळताना समोर दिसत होती. “यल्दाला माझ्याच घरात विचारत होतास, कुणाचं कुठलं चालतंय. काकांच्या चाळिसाव्यालाही तूच विचारलंस. आणि ती बिचारी मावशी इस्फंद जाळत बसली.”

“मी नाही दिलं तर दुसरं कुणीतरी देतंच. नाहीद, मशीनला आपोआप...”

“आईची?”

बाहेर आई हसत होती. रामीन तिला बर्फ दाखवत असावा.

“आईचीसुद्धा तूच दिलीस?”

वर्ष संपत होतं, करार होते, घरभाडं होतं, असं पुष्कळ सांगण्यासारखं होतं. यातलं एकही वाक्य उच्चारण्यासारखं नाही हे त्याला बोलायच्या आधीच कळलं. त्याने मान खाली घातली.

ती ओरडेल, तोंडात मारेल, असं त्याला वाटलं, आणि खरं तर त्याला ते हवं होतं. नाहीदने मासा तेलात सोडला. तो तडतडायचा थांबेपर्यंत ती उलथनं धरून उभी राहिली.

“रामीनला मी सांगणार आहे,” ती म्हणाली. “आईला नाही. या वयात तिला ते झेपायचं नाही.”

“तो दुसरी लाईन बसवेल. मी शपथ घेतो, यावेळी...”

“बसवून आम्हाला सांगणार कसा? तू घरात असताना?” तिने मासा उलटला. “तुझ्याकडे आहे ना सगळं उघडं? मग दर शुक्रवारी यायचं. तो फोन घेऊन. आईचं बोलणं होईस्तोवर हलायचं नाही, तिच्याशेजारी बसायचं. ती तुझं जे काय कौतुक करेल ते सगळं ऐकायचं.”

“नाहीद, दुसरं काहीही सांग.”

“मासे घेऊन जा बाहेर. गार होतील.”

जेवणात सगळ्यात मोठा तुकडा तिने त्याच्या ताटात वाढला. एरवी ती त्याच्याच ताटातला कुरकुरीत शेपटीकडचा भाग पळवायची. ‘सध्या तुझं कुठलं चालतंय’ असं सवयीने विचारायला बहमनने फोन खिशातून काढला होता. नाहीदने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि त्याने तो परत आत ठेवला.

पुढच्या शुक्रवारी फरामर्ज गेला. आईने तोवर अर्ध्या गल्लीत सांगून ठेवलं होतं की माझ्या थोरल्याने माझ्यासाठी खास सोय केली. तिने त्याला कोचावर शेजारी ओढून घेतलं, त्याचा हात आपल्या मांडीवर धरून ठेवला. रामीन समोर आला. त्याने आईला विचारलं, जेवलीस का, गुडघा कसा आहे. फरामर्ज चौकटीत अर्धा दिसत होता. रामीनची नजर त्या अर्ध्या बाजूला एकदाही वळली नाही.

“अरे, दादाचे आभार तरी मान,” आई म्हणाली. “तू गेलास दूर. हाच बघतो माझं सगळं.”

रामीन खाली बघून काहीतरी पुटपुटला.

“तोंड वर कर. मला दिसलं नाही.”

“राहू दे ना, आई,” फरामर्ज म्हणाला.

“तू थांब. रामीन, वर बघ आणि नीट म्हण.”

नाहीद चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. रामीनने तोंड वर केलं. सरळ कॅमेऱ्यात बघत, आईला वाचता यावेत म्हणून एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, “दादा, तू आईसाठी जे केलंस, ते मी जन्मात विसरणार नाही.”

“हं, असं,” आई खूश झाली. मग आभारावर जे म्हणायची रीत आहे ते ऐकायला तिने मान वळवली, आणि फरामर्जच्या ओठांकडे बघत राहिली.

“त्यात काय एवढं,” फरामर्ज म्हणाला.

“नीट म्हण रे. ओठ थरथरतायत तुझे, मला कळत नाहीये.”

फरामर्जने पुन्हा म्हटलं.