सगळं खाली कर

बारा वाजता ऑफिसची गाडी लॅपटॉप न्यायला येणार होती आणि साडेअकरा वाजले तरी त्यातली ड्राइव्ह बाहेर यायला तयार नव्हती. जुना सरकारी लॅपटॉप. सीडीच्या खणात दुसरी ड्राइव्ह सरकवता येते, हवी तेव्हा काढता येते, असं म्हणतात. ती दुसरी ड्राइव्ह माझी, मी स्वतः आणलेली. काढायचं बटण दाबलं की एकच उत्तर: उपकरण वापरात आहे. कोण वापरतंय? माझा आजा?

लखनौजवळच्या बख्शी का तालाब इथल्या आमच्या सरकारी क्वार्टर्सचा एक छज्जा गेल्या महिन्यात कोसळला आणि एका बाईचा पाय गेला. देखभाल माझ्याकडे होती. छज्ज्याला तडे गेलेत, टेकू लावा, हे मी चार महिने आधी लिहून दिलं होतं. ते पत्र फायलीतून गायब झालं आणि माझे साहेब, विक्रम सिंग, म्हणाले की असं पत्र कधी आलंच नव्हतं. चोर तो चोर, वर शिरजोर. तड्यांचे फोटो, तारीखवेळेसकट, फक्त त्या ड्राइव्हवर होते. दुसरी प्रत का नाही केली, असं बायकोनं विचारलं तेव्हा मी तिच्यावरच ओरडलो. ड्राइव्ह आत राहिली तर थेट साहेबांच्या कपाटात जाणार होती आणि उद्याच्या चौकशीत मी रिकाम्या हातांनी उभा राहणार होतो.

"खेचूनच काढतो," मी म्हणालो.

"खींचिए। करप्ट हो जाएगी तो फिर मुझे मत बोलिएगा," निनाद म्हणाला. हा माझा मुलगा. लखनौत जन्मला, इथल्या इंदिरा नगरातच वाढला. मराठी सगळं समजतं, पण तोंड उघडलं की हिंदी. छज्ज्याची बातमी पेपरात आली तेव्हापासून तो माझ्यासमोर जेवायलाही बसत नव्हता. का, ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

"मग तूच बघ. सॉफ्टवेअरचा इंजिनियर ना तू?" मी लॅपटॉप त्याच्याकडे ढकलला.

तेवढ्यात विक्रम सिंगचा फोन आला. "बालकृष्ण जी, गाड़ी निकल चुकी है। जो जैसा है, वैसा ही भेज दीजिएगा।" आवाजात नुसता मध. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी वस्तू मी काढणार, तुम्ही कोण अडवणारे, असं म्हणत मी बाल्कनीत गेलो आणि तिथं आमची चांगलीच जुंपली.

निनाद दारात आला. "बाबा, कोई फ़ाइल खुली रह गई है, इसलिए नहीं निकल रही।"

सकाळपासून मीच दहा-पंधरा विंडो उघडून ठेवल्या होत्या. त्या खाली घेतल्या, स्क्रीन मोकळी झाली की ड्राइव्ह सुटेल, असं मला वाटलं. फोनवर हात ठेवून मी ओरडलो, "सगळं खाली कर आणि मग काढ."

"सब खाली?"

"हो, सगळं. किती वेळा सांगू? गाडी येतेय."

तो वळून आत गेला.

मी फोन आपटून आलो तेव्हा ड्राइव्ह टेबलावर होती. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यानं खांदा झटकला.

"फ़ोटो वाला पूरा फ़ोल्डर ऐसे मिटाया है कि कोई वापस नहीं निकाल पाएगा। अब आप बच जाएँगे।"

माझ्या मराठीत खाली म्हणजे तळाला. त्याच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामं. पंचवीस वर्षं एका घरात राहून हा शब्द कधी आमच्या आड आला नव्हता, तो आज आला.

मी त्याची कॉलर धरली. "विंडो खाली कर म्हणालो होतो, गाढवा. माझे पुरावे होते त्यात. मी आधीच कळवलं होतं त्यांना."

निनादचा चेहरा पांढरा पडला. "वो सबूत आपके हक़ में थे?"

"मग कोणाच्या?"

"मुझे लगा आपके ख़िलाफ़ हैं।"

"कोणी सांगितलं तुला?"

"किसी ने नहीं। आप कुछ बताते ही नहीं थे। चिल्लाते रहते थे। मुझे लगा, ग़लती आप ही की है और अब सब मिटवाना चाहते हैं।"

फाटकाशी गाडी थांबली. मी त्याची कॉलर सोडली, लॅपटॉप ड्रायव्हरच्या हातात दिला, त्याच्या कागदावर सही केली. उद्या माझं काय होणार ते उघड होतं आणि त्याचा मला संताप येत होता. रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. विक्रम सिंगनं मला दोषी ठरवलं, त्यात त्याची खुर्ची वाचत होती. माझ्या पोरानं ठरवलं, ते कसलाही फायदा नसताना.