खळ घातलेला गणवेश

सोमवारपासून अक्षताचा गणवेश एकटाच शाळेत जातो. निळा कुर्ता, पांढरी सलवार, व्ही पाडून पिनेनं टाचलेली ओढणी आणि खांद्यावर दप्तर. आत कोणी नाही. उंबऱ्यावर क्षणभर माझ्याकडे वळतो आणि निघतो.

यात कर्तबगारी माझीच. आमचे हे सायझिंगमध्ये सुताला खळ द्यायच्या कामावर आहेत. तिथली खळ डब्यातून घरी आणतात. नववीत गेल्यापासून अक्षता शाळा चुकवून एसटी स्टँडवर बसायला लागली, तेव्हा तिच्या वर्गशिक्षिका म्हेत्रेबाईंनी मला बोलावून घेतलं. "घरनं जरा शिस्त लावा की," म्हणाल्या. शिस्त लावायची मला ठाऊक ती कपड्यांनाच. मी गणवेशाला खळ घालू लागले, रोज थोडी जास्त. शेवटी तो आपोआप उभा राहिला.

आता हजेरी पूर्ण असते. म्हेत्रेबाई खूश आहेत. "पोरगी किती सुधारली बघा. वर्गात एक शब्द बोलत न्हाई." हे कामावरून आले की गणवेशाला विचारतात, "शाळेत गेलतीस न्हवं?" बाही वर होते. मग हे निवांत जेवतात.

अक्षता घरीच असते. जुन्या गाऊनमध्ये माझ्या मागेमागे फिरते. तिचा आवाज रोज बारीक होत चाललाय.

"आई, मी स्टँडवर का जाऊन बसायची, सांगू?"

"थांब गं, इस्त्री तापलीया."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण इस्त्री खरंच तापली होती. आणि ती काय सांगेल याची मला भीती वाटत होती.

शनिवारी पालकसभा होती. विषय होता, मुलांची गैरहजेरी कशी थांबवावी. मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं, म्हणून मी माझ्या सुती साडीला चांगली घट्ट खळ घातली. आंघोळ करून आले तर दांडीवर साडी नव्हती. दार सताड उघडं होतं.

मी गाऊनवरच धावत सुटले, अक्षता माझ्यामागून. शाळेच्या फाटकावर शिपायानं हात आडवा घातला.

"मी अक्षताची आई," मी म्हटलं.

"त्या कवाच आत गेल्यात. तुम्ही कोण?"

कुंपणातून सभा दिसत होती. माझी साडी फळ्यापुढे उभी राहून पदर हलवत होती. शेजारी गणवेश होता. पालकांनी टाळ्या वाजवल्या. बऱ्याच बाह्या रिकाम्या होत्या.

आम्ही घरी परतलो तोवर साडीनं आणि गणवेशानं आतून कडी लावली होती. खळ शिजल्याचा वास येत होता. खिडकीतून हे जेवायला बसलेले दिसले.

"सभंला गेलतीस न्हवं?" ह्यांनी विचारलं.

पदर वर झाला. ह्यांनी भाकरी मोडली. मी काचेवर थापा मारल्या, पण ह्यांनी मान वर केली नाही.

"अक्षता," मी पायरीवर बसत म्हटलं, "का जात होतीस गं स्टँडवर? सांग आता."

तिचे ओठ हलू लागले. काहीच ऐकू येईना. मी तिच्या तोंडाला कान लावला. ती सांगतच होती.