वाऱ्याची काच आणि विटकरीची पूड

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे आणि मला भयंकर राग आलाय! आधी ऐका, मग सांगा माझं काय चुकलं.

मला खिडकीत बसवायला घडवलंच नव्हतं. पाठीला काळा रंग देऊन मला सांगलीच्या एका कॉलेजात, वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे पंख्यानं वारा सोडायच्या लांबलचक पेटीत बसवलं. रहिमतपूरहून शिकायला आलेली बनू माझ्यावर तेलाची बारीक रेघ ओढायची आणि पंखा लावायची. वारा घासत जाईल तसं तेल पातळ व्हायचं. मग पिवळ्या दिव्याखाली माझ्या अंगावर काळ्या-पिवळ्या रेघा उमटायच्या! वारा जितका जोरात घासेल, तितक्या त्या एकमेकींपासून लांब लांब पडायच्या. हे अंतर मोजून बनू वाऱ्याचं घासणं ओळखायची. अख्ख्या कॉलेजात हे तिलाच जमत होतं.

विभागाचे प्रमुख हंबीरराव सर म्हणायचे, "बने, चुलीला वारा घालायचं सोडून वारा मोजायला निघालीस व्हय!"

१९७७ ची खंडेनवमी आली. सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागलं. मलाही लागलं. बनू कळवळून म्हणाली, "सर, काचेला नको." पण ऐकतो कोण? वर संध्याकाळी सरांनीच मला चकचकीत करायला घेतलं. कशानं? ज्या फडक्यानं पूजेची समई घासली, त्याच विटकरीच्या पुडीच्या फडक्यानं! डाव्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत चरा पडला. मी किंचाळले असते हो, पण काचेला तोंड कुठं असतं?

सुट्टीनंतर पुण्याचे परीक्षक आले. प्रयोग फसला तर बनूचं वर्ष जाणार होतं. पंखा सुरू झाला आणि डावीकडच्या रेघा वेड्यावाकड्या आल्या.

"पोरीचा हात थरथरला," सर लगेच म्हणाले. खोटं! साफ खोटं!

बनू लाल झाली, पण रडली नाही. "काच डावीची उजवीकडं फिरवून लावू द्या की, सर. माझा हात थरथरत असंल तर रेघा परत डावीकडंच वाकतील. दोष काचेत असंल तर तो काचेसंगं फिरंल."

"वेळ न्हाई!"

"आहे वेळ. लावू द्या," परीक्षक म्हणाले.

तिनं मला फिरवलं, पुन्हा तेल ओढलं, पंखा लावला. डावीकडं सरळ रेघा, उजवीकडं वाकड्या!

परीक्षकांनी चऱ्यावरून नख फिरवलं. "ही घासली कुणी?"

सरांनी कोपऱ्यातली समई हळूच टेबलाखाली सरकवली.

बनू पास झाली. आणि मी? "खराब काच" म्हणून सरांनी मला काढून स्वतःच्या टेबलावर टाकलं. चरा पाडला त्यांनी, शिक्षा मला! आता माझ्या अंगावर कपबशा आदळतात.

मित्रांनो, पूजा खुशाल करा. पण ज्याच्या हातचं ते काम आहे, त्याला आधी विचारा ना!

काल माझ्यावर भज्यांचं तेल सांडलं. टेबलावरच्या पंख्यानं ते पसरलं, रंगीत पट्टे उमटले आणि चऱ्यापाशी येऊन वाकडे झाले. सरांनी घाईघाईनं रुमाल काढला.

पुसा सर, पुसा! चरा तसाच राहणार आहे.