मनसारामच्या गाडीवरचे पाणी

चांद्याच्या जटपुरा दरवाज्याआतली ती गल्ली पूर्वी दिवेलागणीलाच मुकी होत असे. मनसारामने भज्यांची ढकलगाडी आणली आणि कोळशाच्या खाणीवरून परतणारी माणसे तिथे रेंगाळू लागली. पळसाच्या पानांचे दोने घेऊन रुखमाबाईच्या ओट्यावर टेकू लागली. नवरा गेल्यापासून त्या ओट्याला माणसांची ऊब नव्हती. आता ती कुणाला सुपारी देई, कुणाच्या घरचे विचारी.

पाणीही तीच देई. "पाणी तुमच्या हातचं राहू द्या, बाई," असे मनसारामने पहिल्याच दिवशी म्हटले होते. तेव्हा तिला बरे वाटले होते. आता तेच खुपू लागले. गाडी भज्यांची, आणि गाडीवर पाण्याचे भांडे नाही? पीठ कालवायचे पाणीदेखील तो तिच्याकडून वरून ओतून घेई. घागरीला कधी बोट लावत नसे. धानोऱ्याकडचा, एवढेच तो सांगे.

गल्लीतल्या गुणवंतरावांच्याही हे ध्यानात आले होते. मालगुजारी, गावची जमीनदारी, गेली तरी त्यांचा दरारा गेला नव्हता.

"परजातीच्या हातचं तळलेलं चालतं, रुखमाबाई, पाणी चालत नाही. तुमच्या पाण्याच्या भरवशावर आम्ही खातो," सकाळी दारात उभे राहून ते म्हणाले. "उद्या भलतंच निघालं, तर तुमच्या ओट्यावर कुणी चढणार नाही. त्याला विचारून ठेवा."

दुपारी मनसाराम कांदे चिरत होता. रुखमाबाई घागर घेऊन समोर उभी राहिली.

"काऊन रे, तुही जात कोणती?"

त्याची सुरी थांबली. "तुमाले खोटं नाई सांगणार, बाई. पण पीठ भिजलं आहे. उद्या सकाळी इचारा. आजचा माल तरी खपन."

तिला उत्तर मिळाले होते. इतके दिवस हा आपल्या घागरीआड लपला, या विचाराने ती संतापली; आणि लपला नसता, तर आपण त्याला दारासमोर उभे राहू दिले असते का, हे मात्र तिला स्वतःलाच सांगता येईना.

संध्याकाळी गुणवंतराव दोना हातात घेऊनच ओट्याजवळ आले. "विचारलं?"

खाणाऱ्यांची तोंडे थबकली. मनसारामने झारा कढईतच धरून ठेवला.

"भजे तुमी खाऊन राह्यले, भाऊ," रुखमाबाई म्हणाली. "तुमीच इचारा. तो काई पळून नाई गेला."

"इचारा, मालक," खाणीवरचा मुखरू म्हणाला, "पण जरा मोठ्यानं. माह्या पोटातल्या भज्यायलेही आयकू येऊ द्या."

हशा पिकला. गुणवंतरावांनी दोन्याकडे पाहिले. अर्धे भजे संपले होते. त्यांनी घसा साफ केला.

"मिरची कमी टाकत जा रे," ते मनसारामला म्हणाले.

माणसे पुन्हा खाऊ लागली, पण प्रत्येकजण आधी शेजाऱ्याचा दोना न्याहाळी आणि मगच दुसरा मागे. ओट्यावरून कुणी उठले नाही.

गर्दी पांगल्यावर मनसारामने हलकेच विचारले, "बाई, उद्या गाडी लावू का नको?"

"ओटा झाडून ठेवीन मी."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. ही आपल्याला ठेवून घेते आहे, की उद्या चारचौघांसमोर धरून देण्यासाठी थोपवते आहे, हे त्याला उमगेना. गाडी ढकलत तो निघाला. वळणापर्यंत त्याने दोनदा मागे पाहिले. रुखमाबाई तिथेच उभी होती.