केशरी रंगाचा गुण

बाबा गेल्यावर भेटायला येणारी माणसं दोन-चार वाक्यांत दुःख आटोपत आणि मग त्यांची नजर बोक्याकडे वळे. शेजारच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, केशरी आहे ना, म्हणून इतका गरीब. औषधाचे दुकानदार म्हणाले, केशरी बोके कुत्र्यासारखे माणसाच्या मागे मागे असतात, घर भरून टाकतात. मी चहाचा ट्रे पुढे करत राहिले. माझ्या बाबांविषयी जे बोलायला हवं होतं, ते सगळं ही माणसं एका रंगाविषयी बोलत होती.

बाबा सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचे. घराची पुढची खोली हीच त्यांची कामाची जागा. एकदा कुणीतरी गोदामात धूळ खात पडलेला मोठा सोफा पाठवला. बाबांनी तो उलटा केला, खालचं अस्तर उसवलं आणि आतून हा निघाला. निघाला म्हणजे आधी त्याने बाबांच्या अंगठ्यात दात रोवले. बाबांना इंजेक्शनं घ्यावी लागली. सोफ्याच्या मालकाने हात वर केले: मांजर आमचं नाही, सोफा तेवढा लवकर द्या.

बाबांनी सोफा दिला नाही. बोका परत अस्तरात शिरून बसला होता, आणि तो अख्खा हिवाळा बाबांनी सोफा तसाच उलटा राहू दिला. मालक फोनवर तोंडाला येईल ते बोलायचा. बाबा शांतपणे सांगायचे, कापड यायचंय. मग ते सोफ्याशेजारी बसून दुसरी कामं करायचे. त्यांच्या धंद्यात बारीक खिळे ओठांत धरतात आणि एकेक पुढे सरकवून हातोडीला देतात, त्यामुळे कामात बोलता येत नाही. ते नुसतं बंद ओठांनी गुणगुणायचे. बोक्याला त्यांनी हात लावला नाही, नाव ठेवलं नाही, हाकही मारली नाही. आई म्हणायची, "माझ्याशी लग्न ठरवताना यांना एवढा धीर नव्हता."

थंडी ओसरली तसा तो बाहेर आला आणि बाबांच्या गुडघ्याजवळ, कापडाच्या तुकड्यांवर अंग टाकून झोपला. जणू घर त्याच्याच नावावर होतं. नंतर तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मांडीवरही चढू लागला, आणि लोकांनी पाहिला तो हा बोका.

दादा आणि वहिनी रविवारी आले ते मांजर न्यायची जाळीची पेटी घेऊनच. आईने आता दादाकडे राहायचं आणि पुढची खोली भाड्याने द्यायची, हे दादाने फोनवरच ठरवून टाकलं होतं. आईशी बोलून ठरवलं, असं तो म्हणायचा. आई सामानाबरोबर मागाहून जाणार होती, बोका आजच.

वहिनीने वाचलं होतं की घरात लहान मूल असेल तर केशरीच बोका पाळावा. लाघवी असतो, पटकन रुळतो, कुणाकडेही जातो. माझ्या भाचीने त्याचं नावही ठेवलं होतं, मोसंबी. मोसंबी केशरी नसते हे त्या घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पेटी पाहताच बोका बाबांच्या अर्धवट राहिलेल्या आरामखुर्चीखाली घुसला. वहिनी गुडघ्यांवर बसून लाडेलाडे मोसंबी, मोसंबी करत राहिली. शेवटी दादाने बाह्या सरसावल्या आणि सरळ हात घातला. मी नको म्हणेपर्यंत उशीर झाला होता.

"केशरी असून असा कसा हा?" वहिनी म्हणाली. दादाच्या बोटातून रक्त येत होतं आणि तिला आधी रंग आठवला.

माझा तोल गेला. मी म्हणाले, "तो जन्माचा गरीब नाहीये. बाबांनी एक हिवाळा घातलाय त्याच्यामागे. त्यांच्या कष्टांचं पुण्य रंगाच्या पदरात टाकू नका."

वहिनी वाईट नाही. तिने दादाचं बोट नळाखाली धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग तू ने."

मी भाड्याच्या खोलीत राहते आणि तिथे मांजर चालत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

दादा समजुतीच्या सुरात बोलू लागला. त्यांच्याकडे ऊन भरपूर येतं, जनावरांचा डॉक्टर कोपऱ्यावरच आहे, पोर तर वाटेकडे डोळे लावून बसलीय. आई दारात उभी राहून कापडाचा तागा गुंडाळत होती. तिने विचारलं, तिकडे तो झोपेल कुठे? वहिनीचा चेहरा उजळला. मुलीच्या खोलीत खिडकीशी फळी ठोकून घेतलीय, तिच्यावर गादी, बाजूला पाण्याचं भांडं. गादीचा रंगसुद्धा त्याला शोभेल असा निवडलाय.

"आणि मी?" आई म्हणाली.

दादाला प्रश्न कळायला वेळ लागला. "तू? हॉलमध्ये सोफा-कम-बेड आहे की. रात्री उघडायचा, सकाळी मिटायचा."

"असल्या सोफ्यावर झोपू नका, पाठीचं वाटोळं होईल, असं तुझे बाबा गिऱ्हाइकांना बजावायचे."

"आई, काहीतरी काढू नकोस."

"मी काय काढणार? फळी तुम्ही ठोकलीत." तिचा आवाज चढला नव्हता. "मी इथेच राहणार. खोली द्यायची की नाही ते मी बघेन. बोकाही राहील."

"एकटी राहिलीस तर लोक मला काय म्हणतील?"

"लोक बोक्याविषयी बोलतात. तुझं नावही काढणार नाहीत."

दादा इंजेक्शन घ्यायला म्हणून निघाला. वहिनीने रिकामी पेटी उचलली. तिच्या ओळखीच्या एका बाईकडे दुसरं केशरी पिल्लू आहे, अगदी लहान, ते तरी नीट रुळेल, असं ती दाराला ऐकवून गेली.

मी दार लावलं. अंगात अजून आग होती. मी आईला म्हणाले, "बरं झालं, सुटला बिचारा. बाबांच्या इतक्या मेहनतीवर पाणी पडलं असतं."

आईने तागा भिंतीशी उभा केला. "एवढी भांडलीस," ती म्हणाली, "तीसुद्धा मांजरासाठीच."

दादावर, वहिनीवर, चहा पिऊन गेलेल्या सगळ्यांवर माझ्याजवळ भरपूर राग होता. त्यातला कणभरही आईसाठी नव्हता. फोनवर माझं नि दादाचं अनेकदा बोलणं झालं होतं. बोक्याचं काय करायचं यावरून आम्ही तावातावाने वाद घातले होते. आईने तिकडे जायचं हे मात्र मीही ठरल्यासारखंच धरून चालले होते.

"तुला झोप लागते का गं हल्ली?" मी विचारलं.

"विचारलंस एकदाचं," ती म्हणाली, आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.