टोपणभर एरंडेल

‘डबा हलवायचा नाही, डोलवायचा... लेकरू झोपवतो तसा डोलवायचा, म्हणजे तेल रुसत नाही—’ बाबांचा आवाज कानाशी होता आणि डोळ्यांसमोर ते काचेचं मापपात्र, ज्याच्या तळाला एरंडेलाचं पिवळट कडं वर्षानुवर्षं धरून बसलेलं, कितीही घासलं तरी न निघणारं. आज ते कडं निघालं होतं. पात्र लख्ख होतं, आणि फळीवर उपडं घातलेलं होतं.

उपडं कुणी घातलं हे विचारायची गरज नव्हती. घरात माणसं तीनच. धाकट्या भावाला हातातला पाना जिथे पडेल तिथे ठेवायची सवय, तो पात्र कशाला धुतो? ती स्वतः ते कधीच उपडं घालत नसे, कारण बाबा घालत नसत. राहिली वहिनी.

वहिनी. वयानं बारा वर्षांनी लहान, तरी ती तिला वहिनीच म्हणायची आणि वर तुम्ही. लोकांना वाटे, काय ही रीत, काय हा मान! खरं कारण तिचं तिला ठाऊक होतं. ‘तू’ म्हटलं की माणूस आत येऊन बसतं. ‘तुम्ही’ला उंबऱ्याशी उभं करता येतं.

पत्र्याच्या छपराखाली वर्कशॉप अजून गार होतं. स्टँडवर बोकड उभा होता. बाबांच्या तरुणपणची ही टू-स्ट्रोक मोटरसायकल, मातीच्या शर्यतींसाठी केलेली, ढुशी मारल्यासारखी पुढे उसळायची म्हणून तिला सगळे बोकड म्हणायचे. उद्या टेकडीवर जुन्या गाड्यांची शर्यत होती. दरवर्षी आदल्या सकाळी मिश्रण करायचं ते तिनंच. अशा इंजिनाला तेलाची वेगळी सोय नसते, पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं, आणि किती द्यावं यावर इंजिनाचं आयुष्य. वीसला एक, हे बाबांचं माप. वीस माप पेट्रोल, एक माप एरंडेल. आधी अर्धं पेट्रोल, मग तेल, मग डोलवणं, मग उरलेलं पेट्रोल... धाकट्याला हे कधी जमलंच नाही. लहानपणी त्यानं एकदा तेल सरळ टाकीत ओतलं होतं, तेव्हा बाबा म्हणाले होते, “हा गाडी चालवेल, आणि ही त्याला चालवून घेईल.” सगळे हसले होते. तीही हसली होती, पण ते वाक्य तिनं हसण्यावारी नेलं नव्हतं. आई गेल्यावर, बाबा गेल्यावर, स्वतःसाठी काही मागायचं राहून गेल्यावरही ते वाक्य तिच्याजवळ होतं आणि तेवढं तिला पुरत होतं.

वहिनीचं माहेर करवतयंत्रं आणि फवारणीपंप दुरुस्त करणारं. तीही टू-स्ट्रोकमध्येच वाढलेली, हेच तर दुखणं. काही येत नसलेली बायको आली असती तर तिला शिकवलं असतं, कौतुकानं चार चुका पोटात घातल्या असत्या. पण ही आली, पहिल्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये डोकावली, नाक वर करून म्हणाली, “ताई, वीसला एक? अहो, इंजिन चालवायचंय की तळायचंय?”

धाकटा हसला होता. पोट धरून हसला होता... आपल्या एखाद्या बोलण्यावर तो असा शेवटचा कधी हसला होता, हे ती पुढे कितीतरी दिवस आठवत राहिली.

मग वहिनीनं एक नवं तेल आणलं, निळसर, पातळ, चाळीसला एक पुरणारं. बोकडाचा धूर थांबला. आणि एका संध्याकाळी धाकटा इंजिनातला प्लग काढून नाचवत स्वयंपाकघरात आला, “ताई, बघ! बिस्किटाच्या रंगाचा आलाय! आजवर कधी असा आला होता?” नव्हता आला. तिच्या मिश्रणाचा प्लग काळाच निघायचा, तेलकट, काजळलेला. ती “छान” म्हणाली. आणि मग तो सहज, अगदी सहज बोलून गेला, “आता खिशात जादा प्लग नको बाळगायला.”

म्हणजे तो बाळगत होता. इतकी वर्षं प्रत्येक शर्यतीला खिशात जादा प्लग घालून जायचा, वाटेत इंजिन गुदमरलं तर गुपचूप बदलायला, आणि ताईला वाईट वाटेल म्हणून एका अक्षरानं बोलला नव्हता. हे प्रेम होतं, दुसरं काय? पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. ज्या प्रेमाला आपली चूक झाकावी लागली, ते प्रेम मोजताना कोणत्या बाजूला धरायचं... आणि हिनं येऊन झाकण काढलं. चूक दाखवली असती तर भांडता आलं असतं. हिनं दाखवलीसुद्धा नाही, नुसती दुरुस्त केली.

“ताई, आम्ही जरा मैदान बघून येतो,” वहिनी दारातून म्हणाली. केसांना रुमाल बांधलेला, गालावर ग्रीसचा डाग, तो तिला शोभत होता हेही खटकलं. “मिश्रण करून ठेवलंय मी. तुम्हाला उगाच त्रास नको.”

“तुम्हाला कसला त्रास आणि मला कसला,” ती म्हणाली. “जा तुम्ही.”

“चेहरा बघ,” धाकटा बाहेरून ओरडला. “एरंडेल प्यायल्यासारखा! ताई, काय आणू येताना?”

“अक्कल आण. दोघांना पुरेल एवढी.”

ते हसत गेले. दोघांचं हसणं रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू आलं, आणि तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं.

मग वर्कशॉपमध्ये ती आणि तो लाल डबा. त्यावर खडूनं लिहिलेलं, ४०. ठसठशीत, गोल अक्षर. स्वयंपाकघर तिनं दिलं होतं, कपाटाच्या किल्ल्या दिल्या होत्या, आईची पितळी समई स्वतःच्या हातानं घासून दिली होती, आणि देताना मनात किंतु नव्हता, देवाशपथ नव्हता. पण हा डबा कुणी मागितला नव्हता. तो मागितल्याशिवाय गेला.

तिनं झाकण उघडलं आणि नाक खाली नेलं. पेट्रोलचा वास, आणि त्याच्यामागे... काहीच नाही. दवाखान्यातल्या फरशीसारखं स्वच्छ काहीतरी. उद्या धाकटा टेकडी चढेल, मागे धूर नसेल, आणि जळक्या एरंडेलाचा तो गोडसर वास नसेल, जो बाबांच्या शर्टाला होता, उशीच्या अभ्र्याला होता, ज्या वासावरून दार वाजायच्या आधी कळायचं की बाबा आले. त्याला त्या वासाची आठवणसुद्धा होणार नाही. आणि वास गेला की मग मी कुठे असेन? बिस्किटाच्या रंगाच्या त्या प्लगमध्ये माझं काय आहे?

फळीच्या मागच्या अंगाला एरंडेलाची बाटली होती, अजून निम्मी. टोपण चांगलं मोठं, वाटीसारखं. तिनं ते भरलं. मनात म्हणाली, एवढंसं. वासापुरतं. तेल जास्त झालं म्हणून कुणाचं इंजिन मेलंय? उलट काळजीच आहे ही, मोठ्या बहिणीनं नको का काळजी करायला... डब्यात ती पिवळी धार आवाज न करता उतरली. मग तिनं झाकण लावलं आणि डबा दोन्ही हातांत धरून डोलवला, कितीतरी वेळ, आणि गेल्या कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं शांत वाटलं. गुणगुणली असती एखादे वेळी. टोपण पुसलं, बाटली मागे सरकवली. मापपात्र मात्र उपडंच राहू दिलं.

दुपारी चहाला दोघं परतले ते उन्हानं लाल होऊन. धाकट्यानं येतायेताच डब्यातलं पेट्रोल बोकडाच्या टाकीत ओतलं, वरपर्यंत, आणि हात पुसत पाटावर बसला.

“किक आता उद्या तिकडेच मारायची,” तो म्हणाला. “उताराला मूठ पूर्ण पिळणार आहे मी. आजवर हिंमत नव्हती झाली. पण हिनं पेट्रोल सोडणारा जेट असा मापून बसवलाय, अगदी काठावर. मिश्रणात थेंब इकडचा तिकडे नको.”

“म्हणजे?” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आला.

“कपात दूध वाढवलं की चहा कमी मावतो ना, तसं,” वहिनी म्हणाली. “तेल वाढलं की तेवढं पेट्रोल घटतं. काठावरचं इंजिन मग तापतं. आणि दुसरं तेल पडलं तर विचारूच नका, एरंडेल आणि हे एकमेकांना मानत नाहीत, गाठी धरतात. जेटचं भोक केवढं, सुईच्या टोकाएवढं. म्हणून तर मी सकाळी ते पात्रसुद्धा घासघासून धुतलं.”

म्हणून धुतलं होतं. एवढंच होतं त्यात.

तिनं कप खाली ठेवला. भोक बुजलं की इंजिन उपाशी पडतं, तेलही पोचत नाही, पिस्टन जाम होतो. पिस्टन जाम झाला की मागचं चाक जागच्या जागी अडकतं, आणि उतारावर, मूठ पूर्ण पिळलेली असताना... हे तिला कुणी समजावायला नको होतं. दोन जातींची तेलं एकत्र आली म्हणून बाबांनी एका गिऱ्हाइकाची टाकी तीन वेळा धुवून काढलेली तिनं पाहिली होती, चिंधीनं तो चिकट गाळ तिनंच पुसला होता. मग सकाळी ते आठवलं नाही? आठवलं नाही, की आठवू दिलं नाही? टोपण भरताना मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं होतं, आणि तिनं त्याच्याकडे पाठ केली होती. पाठ केल्याचं तिला आता लख्ख आठवत होतं. पाठ केली म्हणजे ते दिसलं होतं. देवा, मी काय बघून पाठ केली?

धाकटा अंघोळीला गेला. वहिनी कप गोळा करता करता थांबली, आणि रुमाल सोडून केसांतून हात फिरवत एकदम खालच्या आवाजात म्हणाली, “ताई, एक सांगू? मला भीती वाटतेय. करवतीचं इंजिन जमिनीवर असतं हो. त्याच्यावर कुणी बसलेलं नसतं.”

तिनं आपला कप उचलून वहिनीच्या हातात दिला.

“हे सारखे म्हणतात, ताईचं नाक बाबांसारखं, डबा हुंगून माप सांगेल. तुम्ही एकदा हुंगाल? आणि काही वेगळं वाटलं तर आधी मला सांगा. त्यांच्यासमोर नको. माझं हसं होईल त्याचं काही नाही, पण त्यांचा माझ्यावरचा विश्वास... वचन द्या ना.”

“सांगते,” ती म्हणाली. “आधी तुलाच सांगेन.”

‘तू’ तोंडातून निघून गेलं होतं. वहिनीच्या ते ध्यानातही आलं नाही. ती नुसती सुटल्यासारखी हसली आणि कप घेऊन मोरीकडे गेली, तिथून वर्कशॉपमध्ये, बोकडाची साखळी बघायला.

ती एकटी बसून राहिली. ‘हे सारखे म्हणतात.’ सारखे. म्हणजे तिच्यामागे, दोघं असताना, तिचं नाव निघत होतं, नाकाचं कौतुक होत होतं, आणि ती इकडे वाटा गेला म्हणून कुढत होती... आणि त्याच क्षणी, लाज वाटतानाच, एक वाक्य तयार होऊन समोर उभं राहिलं. ‘काहीतरी वेगळं वाटतंय गं मिश्रण.’ बस्स, एवढंच. त्यात खोटं एक अक्षर नाही. टाकी धुतली जाईल, धाकटा वाचेल, आणि चूक वहिनीची ठरेल. ती रडेल, स्वतःचंच माप पुन्हा पुन्हा तपासेल, आणि पुन्हा चाळीस म्हणायची तिची छाती होणार नाही. वीसला एक परत येईल. वचनही पाळलं जाईल. किती सोयीचं, किती नेटकं! ते वाक्य सुचल्याचा आनंद, हो, आनंदच, तिला छातीत स्पष्ट जाणवला, आणि इतकी वर्षं सोवळ्यात जपलेलं आपलं मन आत इतकं चिकट असेल हे तिला आजवर माहीत नव्हतं.

ते वाक्य तिनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी धाकट्याचा चेहरा आला, आपल्याकडे वळलेला, पूर्वीसारखा. मग दुसरं म्हणून पाहिलं. ‘मी टोपणभर एरंडेल घातलंय.’ घातलंयच्या पुढे शब्द नव्हते. त्या वाक्यात धाकटा येतच नव्हता. येत होती ती, केसांचा रुमाल सुटलेली, गालावर ग्रीसचा डाग, करवतीवर कुणी बसलेलं नसतं म्हणणारी.

मत्सर गेला नव्हता. तो होता तिथेच, उराशी, आणि जाईल असंही काही दिसत नव्हतं. पण तो बाजूला झाल्याशिवाय पाऊल उचलता येणार नाही असं जे तिला वाटत होतं, ते खरं नव्हतं.

न्हाणीघरात पाणी सांडण्याचा आवाज चालू होता, धाकटा काहीतरी बेसूर गात होता. त्याचं गाणं संपायच्या आत जायला हवं. तिनं पदर खोचला, तोंडातल्या तोंडात ‘मी टोपणभर...’ एवढं पुटपुटली आणि आवाज न करता मागचं दार उघडून अंगणात उतरली. वर्कशॉपमधून साखळी फिरवल्याचा आवाज येत होता, एक एक कडी, थांबत थांबत.