आमच्या संघाची प्रतवारी

हे सगळं १९६७ सालचं. आम्ही नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. शेवटची परीक्षा पाच महिन्यांवर आली होती आणि हॉस्पिटलच्या मागच्या सिमेंटच्या मैदानावर दरवर्षी होणारी आम्हा मैत्रिणींची बास्केटबॉल स्पर्धा तीन आठवड्यांवर.

खेळाडू निवडायचे ते लिनन रूममध्ये, दुपारच्या सुट्टीत. चार कप्तान चादरींच्या गठ्ठ्यांवर बसायच्या आणि आळीपाळीनं एकेक मुलगी मागायच्या. भाजी निवडावी तशी निवड चाले, आणि बोलणंही तसंच. मग प्रत्येक संघातली एखादी न खेळणारी मुलगी निवडलेल्यांची प्रतवारी लिहायची, अ, ब, क, ड, आणि ती जेवणघरातल्या फळ्यावर लावायची. दोन दिवस सगळं होस्टेल ती वाचून खिदळत असे.

मी न खेळणारी होते. लहानपणी मोडलेलं माझं कोपर वाकडं बसलं होतं, हात पूर्ण सरळ होत नसे. तीन वर्षांत माझं नाव कुणी मागितलं नाही. ते यादीतच नसे. पण प्रतवारी मात्र माझ्याच हातची हवी असे. आमची कप्तान, जिला सगळ्या थोरली म्हणत, ती म्हणायची, “हिच्या जिभेला मीठ आहे.” एवढ्यावर मी आठवडाभर तरंगत असे.

त्या दुपारी थोरलीनं आधी ताडमाडला उचललं. ती इतकी उंच होती की सलाइनची बाटली स्टुलाशिवाय अडकवायची. मग ऑपरेशन थिएटरवर ड्यूटी असलेल्या दोघी घेतल्या. शेवटी कुणीच न मागितलेली एकटी उरली, ती मुंगी. माझी खोलीतली जोडीदारीण.

“घे बाई, चादरींबरोबर फुकट मिळतेय,” दुसरी कप्तान म्हणाली.

“ही धावते कुठे? चेंडू तिकडून येईस्तोवर चहा पिऊन येईल,” थोरली म्हणाली.

“अगं, उभ्या जागेवरून टाकते की नाही बरोबर?” मुंगी हसत म्हणाली. “तेवढ्यापुरती घ्या ना मला.”

ते खरं होतं. उभी राहून दहातले सात चेंडू ती जाळीत टाकायची. पण धावायला लागली की चौथ्या पावलाला बुटाची नाडी बांधायला वाकायची. त्या नाड्या कधीच सुटलेल्या नसत, हे फक्त मला माहीत होतं.

मला आणखीही माहीत होतं. लहानपणी तिला सांधेताप झाला होता आणि त्यात हृदयाची झडप बिघडली होती. प्रवेशाच्या तपासणीला डॉक्टर घाईत होते. त्यांनी जीभ पाहिली, डोळे पाहिले आणि शिक्का मारला. ती रात्री तीन उशा लावून, जवळजवळ बसूनच झोपायची. पहिल्या वर्षीच तिनं मला सांगितलं होतं, “पास झाले तर माझं पोट मी भरीन. नाही झाले तर दादाकडे. आणि वहिनीनं मला आत्ताच सांगून ठेवलंय, स्वयंपाकघरात अंथरूण घालावं लागेल म्हणून.”

“मग खेळतेस कशाला?” मी विचारलं होतं.

“नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील.”

त्या वर्षी मला एक कल्पना सुचली. वहीच्या कागदावर काय लिहायचं? रोग्याच्या खाटेला लावतो ते ताप-नाडीचे कोरे तक्ते घ्यायचे आणि एकेका खेळाडूचा केसपेपरच करायचा. थोरली खूश झाली. “सगळं खरं लिही हं, मोजून. तरच मजा.”

मी मैदानावर घड्याळ घेऊन उभी राहिले. एकेक जण दोन फेऱ्या मारून आली की तिचं मनगट धरायचं, नाडी मोजायची आणि मोठ्यानं सांगायची. ताडमाडची शंभराच्या आत. थिएटरवाल्या दोघींची शंभर, एकशे दहा. मुंगी एकच फेरी मारून आली आणि हात पाठीमागे धरून उभी राहिली.

“माझी नको.”

“का गं? लाजतेस काय नवरीसारखी?” थोरली ओरडली. सगळ्या हसल्या. मी तिचा हात ओढून घेतला. एकशे चाळीस, आणि मधेमधे ठोका चुकत होता. मी आकडा मोठ्यानं सांगितला. चुकलेल्या ठोक्यांबद्दल बोलले नाही, पण टिपून ठेवलं.

संध्याकाळी खोलीत ती माझ्या टेबलापाशी आली. “मला ड दे. आळशी लिही, गोगलगाय लिही, काय हवं ते लिही. पण ते आकडे लिहू नकोस. मेट्रनबाई तिथंच जेवतात.”

“त्या कशाला वाचतील पोरींचा चावटपणा?”

“वाचतील. तक्ता दिसला की त्या वाचणारच.”

“बघू,” मी म्हटलं.

मला कळत नव्हतं असं नाही. मी उत्तम नर्स होते. पण बाकीचे तक्ते इतके छान जमले होते! ताडमाडच्या तक्त्यावर लिहिलं होतं, ‘डोकं ढगात, तिथलं तापमान घेता आलं नाही.’ शेवटचाच फिका पडला तर थोरली काय म्हणेल? आणि मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. सगळ्यात शेवटी का होईना, मुंगीला कुणीतरी घेतलं होतं. मी लिहिलं: ‘राणीसाहेब. श्रेणी ड. झोपायला उशा तीन, त्याहून कमी चालत नाहीत. जिना चढताना मुक्काम दोन. एका फेरीनंतर नाडी १४०, तीही आपल्या मर्जीनं चालणारी. ओठांचा रंग जांभळा, लिपस्टिकचा खर्च वाचतो.’

जेवणघरात हशा उसळला. थिएटरवाल्या दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. थोरलीनं माझ्या पाठीत धपाटा घातला. “कमाल केलीस! राणीसाहेब!” मुंगी ताटावर मान घालून भात कालवत राहिली.

मेट्रनबाई हात धुऊन फळ्यापाशी आल्या. पहिल्यापासून एकेक तक्ता वाचत गेल्या. ताडमाडचा वाचून हसल्यासुद्धा. शेवटच्यापाशी थांबल्या, खालून वर पुन्हा वाचला. मग टाचणी काढली, तक्ता घडी करून खिशात ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

“तीन उशा तू स्वतः मोजल्यास?”

“हो, बाई.”

“रोज?”

मला खोटं बोलता आलं असतं. थट्टा आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि माझं निरीक्षण चुकीचं आहे असं कुणाला वाटायला नको होतं. “रोज,” मी म्हटलं.

सकाळी मोठ्या डॉक्टरांनी नळी लावून मुंगीची छाती तपासली. आजार लपवून प्रवेश घेतला म्हणून चौथ्या दिवशी तिचं नाव कमी झालं. तिनं ट्रंक भरली. तिसरी उशी हॉस्पिटलची होती. ती तिनं लिनन रूममध्ये नेऊन दिली आणि पावती घेतली.

मैत्रिणी मला म्हणाल्या, अगं, तू तिचा जीव वाचवलास. हे वाक्य मला फार आवडलं. मी ते पुढं पुष्कळ वर्षं वापरलं.

बारा वर्षांनी एका कामासाठी तिच्या गावी गेले, तेव्हा पत्ता शोधत तिच्या भावाच्या घरी पोचले. मुंगी वहिनीच्या आईचं अंग पुसत होती. म्हातारी नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेली, पण पाठीला एक जखम नव्हती. असं काम मी वॉर्डातही क्वचित पाहिलं होतं. मी माफीचं काहीतरी बोलायला लागले. तिनं म्हातारीला कुशीवर वळवलं आणि मला मधेच तोडलं.

“स्पर्धेचं काय झालं गं? मला कुणी कळवलंच नाही.”

“पहिल्याच सामन्यात हरलो. एका गुणानं.”

तेव्हा ती हसली, अगदी मनापासून. “बरं झालं,” म्हणाली, आणि पाणी बदलायला आत गेली. मी अर्धा तास थांबले. ती पुन्हा बाहेर आली नाही.

थोरली पुढं एका मोठ्या हॉस्पिटलची मेट्रन झाली. पोरी तिला चळचळा कापत. ताडमाड लग्न करून परदेशी गेली, तिच्या नातवंडांचे फोटो येतात. थिएटरवाल्यांपैकी एकीला वापरलेली सुई टोचली, त्या काविळीत ती गेली. दुसरीचा पत्ता माझ्याकडे नाही. मेट्रनबाई निवृत्तीनंतर बहिणीकडे राहिल्या आणि झोपेत गेल्या. मी एकतीस वर्षं नर्सिंग शिकवलं, निरोपाला मला शाल मिळाली.

मुंगी माझ्या भेटीनंतर दोन वर्षांनी गेली, स्वयंपाकघरात, बसल्या बसल्या. वहिनीचं पत्र आलं. म्हातारी अजून आहे आणि आता तिच्यासाठी बाई ठेवावी लागते, हे त्यात दोनदा लिहिलं होतं.